बेटावरचे दोन आर

सदर: विचारा, सांगतो

मागच्या अंकात मी इंडोनेशियातल्या गिली आइर बेटावरच्या गावाबद्दल दीड पान लिहिलं होतं. बालीशेजारच्या लोंबोक बेटाच्या बांगसाल धक्क्यावरून बोटीनं पाव तास, बेटावर मोटारगाडी नाही, सामानसुमान घोड्याच्या टांग्यावर, आणि सूतगिरणीतून निवृत्त झाल्यावर २०१२ ते २०१८ दरवर्षी दोन महिने मी तिथं कसा राहायचो, एवढंच. वाटलं, लोक घोड्यांबद्दल विचारतील. तर बाप्पा, अकरा पत्रांपैकी सात प्लॉटबद्दल! नागपूरचा माणूस स्वर्गात गेला तरी आधी लेआउट कुठं पडलंय ते विचारेल. त्या अकरांतली सहा पत्रं इथं घेतोय. नावं गाळली आहेत, कारण दोघांनी घरी न सांगता लिहिलंय.

काकाजी, माझा मुलगा बालीला जाऊन आला. तिथल्या ओळखीच्या एकानं लोंबोकजवळच्या बेटावर समुद्राला लागून प्लॉट दाखवला. विदेशी माणसाच्या नावावर होत नाही म्हणे, पण त्याच्या नावावर घ्यायचा आणि त्याच्याकडून वेगळा करार लिहून घ्यायचा. सहा लाख इसार मागतो. द्यावा का? (बँकेतून निवृत्त, मनीषनगर)

नका देऊ. घाई असेल तर इथंच थांबा, पुढं फक्त कारणं आहेत.

त्या देशाचा जमिनीचा मूळ कायदा १९६० चा, त्या वर्षीचा ५ नंबरचा. पूर्ण मालकीला ते ‘हाक मिलिक’ म्हणतात आणि २१ व्या कलमाप्रमाणं माणसांपैकी ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. इथपर्यंत मुलाच्या ओळखीचा माणूस खरं बोलला. जे बोलला नाही ते २६ व्या कलमात आहे. परदेशी माणसाकडे सरळ किंवा आडवाटेनं मालकी पोचवणारा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि विकणाऱ्यानं घेतलेले पैसे परत मागता येत नाहीत. परत मागता येत नाहीत, हे लिहिलेलं आहे त्यात. म्हणजे उद्या तो माणूस फिरला तर तुम्ही कोर्टात तो वेगळा करार दाखवाल, आणि तोच कागद तुमच्या विरुद्धचा पुरावा होईल.

तुम्ही बँकेत होता, बेनामी म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगू? तिकडं अशा माणसाला ‘नॉमिनी’ म्हणतात. विम्याच्या फॉर्मवर जन्मभर नॉमिनीचं नाव भरल्यामुळं आपल्या लोकांना तो शब्द घरचा वाटतो. फसगत तिथूनच सुरू होते.

कायद्यातल्या वाटा दोन आहेत. एक ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क. २०२१ च्या नियमाप्रमाणं आधी ३० वर्षं, मग २० ची मुदतवाढ, मग ३० चं नूतनीकरण. पण परदेशी माणसाला त्यासाठी तिथल्या राहण्याचे कागद लागतात आणि ठरावीक किमतीच्या वरचंच घर घेता येतं. दुसरी वाट साध्या भाडेपट्ट्याची, २५-३० वर्षांची. सगळे पैसे आधी मोजायचे, भाव दर आरला दर वर्षाचा. आपल्याकडच्या नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्यावर ज्यांची घरं आहेत त्यांना हे चटकन कळेल. मुदत संपत आली की घरातल्या म्हाताऱ्याची झोप उडते, ते तिथंही तसंच.

हो, ‘आर’ तोच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं ना, त्यातला. बाली-लोंबोककडं जमीन आरमध्येच मोजतात, १०० चौरस मीटरचा एक. ‘दुआ आरे’, दोन आर, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम काटोलचा पटवारी आठवला होता.

आणि ते ‘समुद्राला लागून’! भरतीच्या सगळ्यात वरच्या रेषेपासून आत किमान १०० मीटरचा पट्टा किनाऱ्याचा म्हणून राखायचा असा तिथला नियम आहे. बेट आरपार चालायला अर्धा तास लागत नाही, त्यात दोन्ही बाजूंनी १०० मीटर सोडा, मग उरतं काय ते बघा. नियम कागदावर झोपलेला असतो तोवर हॉटेलं उठतात, जागा झाला की बुलडोझर येतो. शेजारच्या गिली त्रावांगानवर २०१७ मध्ये किनाऱ्यालगतची कितीतरी बांधकामं पाडली. ती ज्यांची होती त्यांनाही कुणीतरी ‘समुद्राला लागून’ असंच सांगितलं असेल.

मुलाला बेटाची एवढीच ओढ असेल तर एक पावसाळा भाड्यानं राहू दे. डिसेंबर-जानेवारीत, वारा पश्चिमेकडून घोंघावत असताना. कधी बोट सुटत नाही, विहिरीचं पाणी मचूळ लागतं, अंगावरचे कपडे वाळत नाहीत. त्यानंतरही घ्यावंसं वाटलं तर मला पुन्हा लिहा.

काका, परदेशी माणसाचं राहू द्या. तिथल्या गावकऱ्याची स्वतःची जमीन तरी सुरक्षित असते का? कागद कोणता असतो? (विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर)

बेटा, हा प्रश्न आला म्हणून मला हे सदर लिहायचा हुरूप आला.

पक्का कागद म्हणजे भूमी कार्यालयाचं ‘सेर्तिफिकात’. आपली आखीव पत्रिका समज, फक्त तिथं सरकार मालकीचीच नोंद करून देतं. पण खेड्यापाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला कागद वेगळाच असतो. लोंबोक आणि बालीत त्याला ‘पिपिल’ म्हणतात. मूळ तो सारा भरल्याचा कागद. आजोबांच्या नावाचा, चौकोनी घडीवर फाटलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांच्या, म्हणजे सारोंगच्या, घडीखाली ठेवलेला. मी एक हातात घेऊन पाहिलाय. घडी उलगडताना घरातली बाई श्वास धरून उभी होती.

पिपिल म्हणजे मालकी नव्हे. आपल्याकडं टॅक्स पावतीवर आणि सौदाचिठ्ठीवर प्लॉट घेऊन वीस वर्षं नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) आरएल लेटरची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची, वाट बघणारी माणसं दिघोरीपासून कोराडीपर्यंत आहेत. त्यांना हे समजवायला नको. फरक एवढाच की तिथं आजोबाच्या नावचा कागद आणि त्यावर सात नातवंडं. वाटणी तोंडी झालेली. हे चिंचेपर्यंत तुझं, विहिरीपलीकडचं माझं. साक्षीदार म्हणून शेजारी. साक्षीदाराला त्यांच्या भाषेत ‘साक्सी’च म्हणतात. जमिनीची नोंद गावोगाव सरसकट करायची मोठी मोहीम सरकारनं २०१७ पासून चालवली, मोजणीदार घरोघर गेले. खूप लोकांच्या हातात पहिल्यांदा सेर्तिफिकात आलं. पण मोजणीदार खांब कुठं रोवायचा ते शेवटी शेजाऱ्यालाच विचारतो. दोन्ही बाजूंचे शेजारी उभे राहून ‘हो, इथंच’ म्हणाले पाहिजेत.

गिली त्रावांगानवर तर मोठा तुकडा प्रांत सरकारच्या मालकीचा, सुमारे ६५ हेक्टर. नव्वदच्या दशकात तो एका कंपनीला विकासासाठी दिला, तिनं काही केलं नाही, लोकांनी तिथं घरं-दुकानं थाटली, आणि २०२१ मध्ये सरकारनं कंपनीचा करार तोडला तेव्हा प्रश्न पडला की आता राहणारे कोण? अतिक्रमणवाले की गावकरी? आपल्या झोपडपट्टी पट्ट्यांच्या फायली चाळल्यास तर भाषा बदलेल, मजकूर तोच सापडेल.

आता एक गाव सांगतो ज्याची तू परीक्षेतही उदाहरण म्हणून आठवण ठेव. लोंबोकच्या पूर्वेला सुंबावा, त्याच्या उत्तर किनाऱ्याला चिकटून बुंगिन नावाचं बेट. बाजो लोकांचं, म्हणजे जे मूळचे समुद्रावरच जगणारे. काही हेक्टरांत तीन हजारांवर माणसं, घराला घर लागलेलं. तिथं जमीन विकत मिळत नाही, कारण शिल्लकच नाही. म्हणून लग्न करायचं असेल त्या पोरानं समुद्रात उतरायचं, मेलेल्या पोवळ्याचे दगड वेचायचे, बोटीतून आणून कडेला रचायचे आणि आपल्या घरापुरती जमीन तयार करायची. मग लग्न. बेट असं दर पिढीला वाढत गेलंय. गवताला जागा नाही, म्हणून बकऱ्या कागद आणि चिंध्या खातात. हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक बकरी सिमेंटच्या पोत्याचा कागद इतक्या समाधानानं चघळत होती की आपण कडबा कुट्टीची चौकशी करावी की नाही असं झालं. आता त्या जमिनीचा फेरफार कसा नोंदवशील? जी काल समुद्र होती? तुझ्या प्राध्यापकांना विचार.

माझी मुलगी समुद्रजीवशास्त्र शिकते. पोवळ्यांच्या कामासाठी तीन महिने गिली बेटांवर एकटी राहणार आहे. तिथं पोलीस चौकीही धड नाही असं वाचलं. झोप लागत नाही. (वर्धा)

ताई, काळजी कुणाची नाही होणार? पण पोलीस नाहीत म्हणजे कुणी बघत नाही, असं तिथं समजू नका. उलट इतकं बघतात की तुमची मुलगी महिन्याभरात वैतागून फोन करेल.

इंडोनेशियात गावात शिरताना एक पाटी हमखास दिसते: ‘तामू वाजिब लापोर १ × २४ जाम’. पाहुण्यानं चोवीस तासांच्या आत कळवायचं. कळवायचं ‘पाक एर-ते’ला. काही घरांचा मिळून एक शेजारसंघ, त्याचा निवडलेला म्होरक्या. पगार नाममात्र, काम चोवीस तास. ही पद्धत रुजली दुसऱ्या महायुद्धात, जपान्यांचं राज्य असताना. लोकांवर नजर ठेवायला म्हणून त्यांनी शेजाऱ्यांचे गट बांधले. जपानी गेले, गट राहिले, आणि नजर ठेवण्याचं काम हळूहळू काळजी घेण्यात मुरलं. पूर्ण मुरलं नाही, थोडी चौकसखोरी आहेच. मी कोणत्या दिवशी दोनदा आंघोळ केली हे आमच्या एर-तेला ठाऊक असायचं.

मुलगी गेस्टहाउसात उतरली तर मालकच नोंद करतो. एखाद्या घरी खोली घेतली तर पहिल्याच संध्याकाळी घरमालकिणीला सोबत घेऊन एर-तेकडं जावं, पासपोर्टची झेरॉक्स द्यावी, चहा प्यावा. हा चहा चुकवू नये.

रात्री ‘रोंदा’ असते. गल्लीतले चार-पाच पुरुष पाळीपाळीनं जागतात. चौथऱ्यावर पत्र्याचं छप्पर, त्याखाली डॉमिनोचा डाव, लवंगेचा वास सुटलेल्या सिगारेटी, आणि खांबाला टांगलेलं ‘केंतोंगान’, मधून पोखरलेला लाकडाचा ओंडका. एरवी तासातासाला एखादा टोला, आणि सलग घाईघाईनं बडवला की समजायचं, धावा. राखणीला त्यांचा शब्द ‘जागा’. संस्कृतातून गेलेला. आपल्याकडं गावगाड्यात जागल्या होता की नाही? अगदी तोच. मीही चार-सहा रात्री बसलो, डॉमिनोत हरलो, कॉफीचा गाळ खाल्ला.

चोर सापडला तर? त्रावांगानवर २०१६ च्या डिसेंबरात एका ऑस्ट्रेलियन जोडप्यावर सायकल चोरल्याचा आळ आला, तर गळ्यात पाटी अडकवून त्यांना बेटभर चालवलं. जगभर फोटो छापून आले. अशा माणसाला मग बेटावरून घालवून देतात. मला विचाराल तर ही पद्धत मला पटत नाही. जिथं फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच चौथऱ्यावर डॉमिनो खेळतात तिथं निर्दोष परक्याचं काय व्हायचं? पण तिथली बाई म्हणते, पोलीस बोलवायचे तर बोट लागते, तोवर चोर दुसऱ्या बोटीनं गेलेला असतो. तेही खोटं नाही.

मुलीला खरं जपायचं ते इतर गोष्टींपासून. फुकटात किंवा फार स्वस्तात मिळणारी गावठी ‘आराक’ दारू तोंडाला लावू नये. त्यात मिथेनॉल निघून माणसं दगावली आहेत, बाली-लोंबोकमध्ये २००९ साली एकदम कितीतरी गेली, त्यात परदेशीही होते. बोट ओसंडून भरली असेल तर पुढची घ्यावी, आणि लाइफ जॅकेट डोक्यावरच्या फळीवर असतं ते आधी खाली काढून मांडीवर घ्यावं. किनारा सोडून गावात शिरताना पंचा-सारोंग गुंडाळावा, गाव मुसलमानांचं आहे आणि सभ्य आहे. मोठ्या दुखण्याला दवाखाना लोंबोकमध्ये, म्हणजे बोट आणि पुढं गाडी. पाण्यात उतरण्याचं काम आहे तर तो धोका धरणारा विमा काढूनच पाठवा. टॉर्च द्या, गल्ल्यांत अंधार असतो. मांजरांवर पाय पडेल.

शुद्ध शाकाहारी माणूस जगेल का? (अमरावती)

जगेल. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आपल्या विदर्भात एवढं सोयाबीन पिकून ती कुणी करत का नाही हे मला कळत नाही. शेंगदाण्याच्या कालवणातली गादो-गादो भाजी आहे. शेवग्याचा पाला रोजचा. फक्त लाल चटणीत ‘तेरासी’ असते, वाळवलेल्या कोळंबीचा लगदा. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, एवढं पाठ करा. तरी मिरचीच्या वासात शंका येत राहीलच. माझी बायको ठेच्याची बरणी घेऊन जायची.

५ ऑगस्ट २०१८ च्या भूकंपात तुम्ही तिथंच होता, असं लेखात एका ओळीत लिहून पुढं गेलात. नेमकं काय झालं? आणि सपाट बेटावर त्सुनामी आली तर माणूस पळणार कुठं? (शिक्षक, यवतमाळ)

सर, एका ओळीत उरकलं कारण लिहवत नव्हतं. लिहितो.

आठवडाभर आधी, २९ जुलैच्या सकाळी एक ६.४ चा झाला होता. त्यात लोंबोकच्या डोंगराकडचं नुकसान झालं, आमच्याकडं भांडी पडली. सगळे म्हणाले, झालं, निघून गेला. ५ तारखेला रविवार, संध्याकाळी पावणेआठची वेळ. मी ‘बेरुगाक’वर बसलो होतो. बेरुगाक म्हणजे अंगणातला लाकडी खांबांवरचा उघडा माचा, वर गवताचं छप्पर. पाहुणा तिथं, मयत तिथं, भांडण मिटवायचं तिथं. बायको आत भात वाढत होती.

आधी आवाज आला. गिरणीत सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमची रांग एकदम चालू होते तसा, पायाखालून. मग माचा होडीसारखा हलला. मी हाक मारली की नाही आठवत नाही. बायको दारातून बाहेर आली, हातात पळी होती, आणि तिच्यामागं स्वयंपाकघराची भिंत आडवी झाली. वीज गेली. धूळ इतकी की टॉर्चचा झोत दोन हातांवर संपत होता. आमचा माचा मात्र उभा. लाकडी खांब करकरले, झुकले, परत सरळ झाले. पडल्या त्या विटांच्या भिंती, ज्यांना ना कोपऱ्याला सिमेंटचा खांब, ना वरून पट्टा. किल्लारीला १९९३ साली दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं दाबली, इथं पक्कं घर हवं म्हणून हौसेनं बांधलेल्या उघड्या विटांनी. गवताच्या छपराची जुनी घरं कलली, पण त्यांनी माणूस मारला नाही.

मशिदीचा भोंगा बंद पडला होता, म्हणून केंतोंगान बडवायला लागले. पाठोपाठ त्सुनामीचा इशारा. त्रावांगानवर टेकडी तरी आहे, तिथले लोक तिकडं चढले. आमचं बेट ताटासारखं. बेटाच्या मधोमध मोकळं रान आहे तिथं सगळे जमलो. कुणीतरी ओरडलं, झाडाखालून उठा! नारळ पडत होते. प्रत्येक हादऱ्याला धप्, धप्. आम्ही झाडं टाळून, आभाळाखाली, मांडीला मांडी लावून बसलो.

आणि मग एर-ते आला. साठी उलटलेला माणूस, लुंगी, हातात मोबाईलचा उजेड. कागद-बिगद काही नाही. घर घेऊन मोजायला लागला. या घरात पाच, पैकी एक लोंबोकला गेलाय, म्हणजे चार. त्या घरात सहा. विहिरीजवळच्या घरात आई-मुलगा आणि दोन इंडियाचे पाहुणे. ‘पाक इंदिया, इबू इंदिया, आदा?’ आहात का? आम्ही म्हटलं, आदा. पुढं गेला. अकराव्या घराला आवाज देऊनही उत्तर आलं नाही तेव्हा चार पोरं तिकडं पळाली. म्हातारीला कपाटाखालून काढलं, पाय मोडला होता, जिवंत होती. ती ‘लापोर’ची पाटी मी सहा वर्षं चौकसखोरी म्हणून हसण्यावारी नेली होती.

इशारा त्याच रात्री मागं घेतला. दुसऱ्या दिवशी पर्यटकांना काढायला बोटी आल्या, किनाऱ्यावर रेटारेटी झाली, ती तुम्ही टीव्हीवर बघितली असेल. भूकंपमालिकेत लोंबोकभर पाचशेवर माणसं गेली, सगळ्यात जास्त आमच्या उत्तर लोंबोक जिल्ह्यात. सरकारनं मोठं नुकसान झालेल्या घराला ५ कोटी रुपिया जाहीर केले. दचकू नका, तेव्हाचे आपले अडीच लाखांच्या आसपास. मधल्या नुकसानीला अडीच कोटी, किरकोळला १ कोटी. पैसे गावकऱ्यांचे गट करून त्यांच्या खात्यातून. बरेच महिने तंबूत काढल्यावर मग नटबोल्टनं जोडायच्या सिमेंटच्या चौकटींची घरं उभी राहिली.

पळणार कुठं, याचं उत्तर बेटाबेटावर वेगळं. फ्लोरेसजवळ बाबी नावाचं जवळजवळ गोल बेट आहे. १२ डिसेंबर १९९२ च्या त्सुनामीत लाट आली उत्तरेकडून, गाव दक्षिणेला, आडोशाला. लाट बेटाला वळसा घालून दोन्ही अंगांनी येऊन मागं भेटली आणि आडोशाचंच गाव नेलं. उलट सुमात्राजवळ सिमेउलुए. तिथं १९०७ च्या लाटेपासून आज्या नातवंडांना गाण्यातून सांगत आल्या: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं सरला की ‘स्मोंग’ येणार, डोंगरावर पळ. २६ डिसेंबर २००४ ला जमीन हलली, लोक स्मोंग स्मोंग ओरडत डोंगरावर गेले. लोकसंख्या ७० हजारांवर, दगावले ७. आसपास लाखांनी माणसं गेली त्या दिवशी. आमच्या सपाट बेटावर डोंगरही नाही. दोन मजली पक्कं हॉटेल टिकलं तर त्याची गच्ची, नाहीतर आधी म्हटलं तसं रान. तुम्ही बरोबर शंका काढलीत, सर.

सगळ्यांना जमीन घेऊ नका सांगता. तुम्ही स्वतः तिथं पैसे गुंतवले होते, असं तुमच्या गिरणीतल्या जुन्या माणसाकडून समजलं. खरं का? (निनावी, महाल)

खरं आहे. महालात बातमी राहते थोडीच!

आमच्या रिंगफ्रेम खात्यात एक फिटर होता, गिली आइरचा. पश्चिम जावातल्या त्या गिरणीत आम्ही चौदा वर्षं एका शिफ्टला. कान लावून सांगायचा, कितवं स्पिंडल बिघडलंय. २००९ मध्ये तो गावी परतला, मी निवृत्त झाल्यावर मला बोलावून घेतलं. २०१३ मध्ये त्याच्या घरामागचे दोन आर मी ‘घेतले’. साडेतीन लाख रुपये दिले. वहीच्या कागदावर दोन ओळी, ६ हजार रुपियाचं ‘मेतेराई’, म्हणजे आपल्या रेव्हेन्यू स्टॅम्पसारखं तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही. ते तिकीट बघून मला काय समाधान वाटलं होतं! मनीषनगरच्या साहेबांना मी वर जे सुनावलं ते सगळं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मित्रावर अविश्वास दाखवायचा का?

मित्रानं फसवलं नाही. तो २०१६ मध्ये काविळीनं गेला. मग कळलं की पिपिल त्याच्या आजोबाच्या नावाचं, चार भावांत वाटणी तोंडी. भाऊ बेरुगाकवर बसले, मला मानानं मधे बसवलं, कॉफी दिली, आणि म्हणाले की तो कागद आम्हाला ठाऊक नाही. खोटं नव्हतं ते. माझ्याकडं बोलायला काय होतं? मेतेराई लावलेली दोन ओळींची चिठ्ठी, आणि कायद्यानं ती चिठ्ठी लिहिणंच चुकीचं. मी ती घडी करून खिशात ठेवली. बैठक उठताना धाकटा भाऊ म्हणाला, तुम्ही याल तेव्हा खोली तुमचीच. ती खोली २०१८ मध्ये पडली, वर सांगितलं तेच स्वयंपाकघर आणि त्याला लागून खोली.

भूकंपानंतर कुंपणाच्या भिंतीही राहिल्या नाहीत. पुढं मोजणीदार आले तेव्हा घरामागची हद्द कुठं, यावर खल झाला. मी तिथं नव्हतो, गुडघ्यांनी प्रवास बंद केलाय. वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोनं, फोनवर सांगितलं. मी २०१४ मध्ये त्या दोन आरांच्या कोपऱ्यावर शेवग्याची एक काडी टोचली होती, भाजीला होईल म्हणून. तिचं झाड झालं होतं, आणि शेजारी म्हणाला, इंदियाच्या शेवग्यापर्यंत यांचं, पलीकडं माझं. खांब तिथं रोवला. सेर्तिफिकात वहिनींच्या नावावर झालं.

परवा त्यांचा व्हॉट्सॲपला फोटो आला. झाड चांगलं पंधरा फूट, शेंगांनी लगडलेलं, एक फांदी शेजाऱ्याच्या पत्र्यावर टेकलेली. खाली लिहिलं होतं, ‘बोलेह सया पोतोंग?’ मी तोडू का?

मी बराच वेळ फोटो मोठा करून बघत होतो. मग लिहिलं, तोडा वहिनी, पण शेंगा उतरवून घ्या आधी.